देवबाग वारा-नोंद : मे अखेर

कप-ॲनिमोमीटर (वाऱ्याच्या वेगाने फिरणाऱ्या कपांचा वेगमापक) मालवणजवळच्या देवबागात पुळणीकडच्या खांबावर, जमिनीपासून 6 मीटरवर बसवला आहे. घराची गच्ची सोयीची वाटते, पण देवबागात ती माडांच्या आड येते. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतर मोकळं हवं, म्हणजे 15 मीटरच्या माडापासून 150 मीटर. समुद्राच्या बाजूला ते सहज मिळतं. कारली खाडीच्या बाजूला मिळणं शक्य नाही, पट्टीच तेवढी अरुंद आहे. त्यामुळे पहाटेचा मतलई वारा इथे माडांतून गाळून येतो आणि नेहमीच कमी नोंदला जातो. 45 ते 135 अंशांतल्या, म्हणजे पूर्वेकडच्या, सगळ्या नोंदींना वेगळी खूण लावली आहे. या नोंदी संगणकी हवामान-अंदाजाशी ताडून पाहायच्या नाहीत.

खाऱ्या वाऱ्याला 10 मीटरच्या प्रमाण उंचीवर आणायला 1.06 ने गुणायचं: (10/6) चा 0.11 वा घात. पूर्वेच्या वाऱ्याला हे सूत्र लावू नका, माडांमागे ते टिकत नाही.

या ॲनिमोमीटरला सेकंदाला एक स्पंद (विजेचा ठोका) म्हणजे ताशी 2.4 किमी. हे स्पंद देणाऱ्या रीड स्विचचे (चुंबकाने उघड-मीट होणाऱ्या बटणाचे) संपर्क थरथरतात आणि एकाचे तीन स्पंद मोजले जातात, म्हणून एका स्पंदानंतर 10 मिलिसेकंद काहीच मोजायचं नाही. ताशी 100 किमीलाही दोन स्पंदांत सुमारे 24 मिलिसेकंद असतात, तेव्हा खरं काही हुकत नाही. वाऱ्याचा दिशादर्शक ईएसपी32 (नोंद घेणारी छोटी संगणक-चिप) च्या 32 ते 39 यांपैकी पिनवर जोडा. वायफाय चालू असताना एडीसी-2 (विजेचा दाब आकड्यात बदलणारा चिपचा दुसरा भाग) च्या पिना वाचता येत नाहीत. 34 ते 39 ला आतला पुल-अप (पिनला वरच्या दाबाशी जोडणारा रोध) नसतो, तो 10 किलोओहमचा बाहेरून लावावा लागतो. दिशेची सरासरी साइन-कोसाइन काढूनच घ्या, नाहीतर 350 आणि 10 ची सरासरी 180 येते आणि उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. सरासरी वेग 10 मिनिटांचा, झोत 3 सेकंदांचा.

खरा शत्रू मीठ. बेअरिंगमध्ये मीठ सुकलं की मंद वाऱ्यात कप हलतच नाहीत, जोराच्या वाऱ्यात मात्र आकडा ठीक दिसतो. म्हणून बिघाड दुपारी कळत नाही. पहाटेच्या ‘शांत’ नोंदी आठवड्यागणिक वाढायला लागल्या, की हवामानाआधी बेअरिंगवर संशय घ्या. गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, मग कप बोटाने फिरवून पाहा: अडखळत थांबत असतील तर बेअरिंग बदला. स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच.

आता अंदाज. जीएफएस या अमेरिकी जागतिक हवामान-प्रारूपाची जाळी 0.25 अंशाची, सुमारे 28 किमी. आपल्याला सर्वांत जवळचा बिंदू 16.00 उत्तर, 73.50 पूर्व, म्हणजे बरोबर किनाऱ्यावर. त्याच्या चौकोनात अर्धी जमीन येते. म्हणून 73.25 पूर्व हा समुद्रातला बिंदूही रोज उतरवून ठेवतो. आमच्या मते खाऱ्या वाऱ्याची वेळ पाहायला किनाऱ्याचा आणि जोर पाहायला समुद्राचा बिंदू बरा. तीन-तीन तासांचे आकडे घेऊ नका: 09 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपल्याकडे दुपारी 2:30, पुढचा थेट 5:30, आणि खाऱ्याचा भर बहुधा त्यांच्या मधेच येऊन जातो. पहिल्या 120 तासांसाठी तासागणिक आकडे मिळतात, तेच उतरवा.

सध्या रात्रीवर लक्ष ठेवलं आहे. मतलई पडेनासा झाला, पहाटेही दिशा नैऋत्य-पश्चिमेलाच राहिली, की मोसमी प्रवाह बसतो आहे असं धरायला हरकत नाही. होडी काढायची की नाही हे मात्र हवामान खात्याच्या आणि इन्कॉइसच्या (समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) इशाऱ्यावरूनच ठरवायचं, या खांबावरून नाही.

पावसाळ्याआधीचं उरलेलं काम ताणांचं, म्हणजे खांब उभा धरणाऱ्या तारांचं. वाळूत खुंटी धरत नाही. ताणाचं टोक आडव्या फळीला बांधून ती मीटरभर खोल पुरायची आहे. तीन ताण, 120 अंशांवर, त्यातला एक पश्चिमेकडे. ॲनिमोमीटरच्या वायरला नोंदयंत्राच्या डब्यापाशी खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत शिरणार नाही.