तुम्ही विचारलंत म्हणून: मध्ये तुम्ही कशाला?

पेशंट संकोचून विचारतात, नातेवाईक सरळ: डोकं दुखतंय तर थेट मेंदूच्या डॉक्टरांकडेच गेलेलं काय वाईट? मध्ये फॅमिली डॉक्टर कशाला?

प्रश्न मला लागत नाही. पण उत्तराला थोडं गणित लागतं आणि बाहेर बाकावर आठ जण खोळंबलेले असतात.

समजा, एक तपासणी दहातल्या नऊ आजारी माणसांना बरोबर पकडते आणि दहातल्या नऊ निरोगी माणसांना बरोबर सोडते. तशी तक्रार घेऊन माझ्याकडे १,००० जण आले, त्यांत खरा आजार १० जणांना. तपासणी त्यांतले ९ पकडेल, पण निरोगी ९९० पैकी ९९ जणांनाही उगाच ‘पॉझिटिव्ह’ ठरवेल. घाबरलेले १०८, आजारी ९. आता मी निवडून तज्ज्ञाकडे पाठवलेले १,००० घ्या. त्यांत निम्म्यांना आजार असेल, तर ४५० खरे सापडतील, ५० खोटे. मशीन तेच, आधी चाळून झालं होतं, एवढंच. माझे तज्ज्ञ मित्र यावर हसतात, पण खोडून काढत नाहीत.

१९६१ साली अमेरिकेतले डॉक्टर आणि संशोधक केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. महिनाभरात १,००० प्रौढांपैकी ७५० जणांना काही ना काही होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो १. आम्ही डॉक्टरकी शिकतो ती बहुतेक त्या एकावर! सुरुवातीची काही वर्षं मीही प्रत्येक डोकेदुखीत गाठ शोधत होतो.

ब्रिटन, नेदरलँड्समध्ये तज्ज्ञाकडे जायला सहसा फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यामुळे आम्ही दारवान वाटतो. पण माझं मुख्य हत्यार चिठ्ठी नाही, वेळ आहे. ‘दोन दिवसांनी दाखवा’ ही लोकांना टाळाटाळ वाटते. बरेच आजार त्या दोन दिवसांत आपणहून जातात, किंवा तोंड दाखवतात. अर्थात ताप आणि मान ताठ, किंवा क्षणात उठलेली भयंकर डोकेदुखी असेल, तर एक मिनिटही थांबायचं नाही.

आणि माणूस माहीत असावा लागतो. एक गृहस्थ ऑफिसात खटकलं की डोकं धरून येतात. त्यांच्याशी मी बोलत बसतो. एक बाई बारा वर्षांत दोनदाच आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘डोकं जरा जड वाटतंय.’ तपासून मी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली.

‘एवढ्याशासाठी मोठ्या डॉक्टरकडे कशाला?’ त्यांनी विचारलं.