गोकाकच्या कड्यावरची तरंगचिन्हे

भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन ऐन पावसाळ्यात कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या रस्त्याने गोकाकच्या धबधब्याकडे निघालो, तेव्हा रस्त्याकडेच्या दगडावर लक्ष ठेवा, असे मी मुलांना बसमध्येच बजावले होते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वाढलेल्या या मुलांना, तो मागे पडून तांबूस वालुकाश्म कसा उघडा पडतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, एवढ्यासाठीच हा दौरा मी आग्रहाने आखला होता.

घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि नालाच्या आकाराच्या त्या कड्यावरून गढूळ पाण्याचे लोट सुटले की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावे लागते. कठीण वालुकाश्माचे आडवे थर आणि त्यांतल्या उभ्या भेगा यांमुळे इथला दगड झिजून उतरता होण्याऐवजी चिरेच्या चिरे निखळतात. म्हणून कडा ताठ राहतो आणि धबधबा हळूहळू नदीच्या उगमाकडे सरकतो. याच उंचीच्या बळावर टर्बाइन फिरवून १८८७ साली इथे सूतगिरणी सुरू झाली. गिरणी, झुलता पूल आणि काठावरचे चालुक्यशैलीचे महालिंगेश्वर मंदिर ही सगळी एकाच दगडाच्या आधाराने उभी आहेत, हे मला मुलांना जागेवर दाखवायचे होते.

ते दाखवत असतानाच प्रवाहापासून दूर, कठड्याच्या अलीकडे, एक विद्यार्थिनी खडकावर हात फिरवत थांबली. ओल्या दगडावर बोटभर अंतराने समांतर वळ्या उमटल्या होत्या. "मॅडम, हे पाणी कुठल्या बाजूला वाहत होतं?" तिने विचारले. किती नेमका प्रश्न! बेसाल्टहून कितीतरी जुन्या, उथळ पाण्याखालच्या वाळूवरची ती तरंगचिन्हे होती. वळीची एक बाजू पसरट आणि दुसरी तीव्र उताराची असेल, तर प्रवाह तीव्र उताराच्या बाजूला जात असतो, एवढेच मी सांगितले आणि होकायंत्र तिच्या हाती दिले.

पुढचे व्याख्यान मी तिथेच थांबवले. भर पावसात, छत्र्या एकमेकांच्या डोक्यावर धरून, मुले वळ्यांच्या दिशा मोजू लागली. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा वहीत भराभर आकडे उतरवत होता; शिक्षक म्हणून मला याहून मोठे समाधान ठाऊक नाही. सर्वांत ठसठशीत वळ्या एका मोठ्या लादीवर होत्या, आणि ती नोंद घ्यायची की नाही यावरून जोरदार वाद झाला. शेवटी त्याच विद्यार्थिनीने लादीच्या कडेने फिरून ती मूळ थरापासून सुटलेली आहे, म्हणजे पडताना वळलेली असू शकते, हे दाखवले आणि सर्वांच्या संमतीने ती नोंद खोडली.