आमची वाटचाल : रामबागेतल्या वाइंडिंगपासून एसटीपीपर्यंत

इंदूरच्या रामबागेत घराच्या पुढच्या खोलीत 1996 साली मी आणि माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, मोटर वाइंडिंगला बसलो. नर्मदेचं पाणी 1978 पासून जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पाइपातून गावात येतंय, तरी आमच्या भागात बोअरशिवाय भागत नसे, आणि उन्हाळ्यात रोज दोन-तीन सबमर्सिबल जळून दारात यायच्या. दादा कॉइल भरायचा, मी उघडझाप आणि मेगर, म्हणजे कॉइलचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. मेगरचं रीडिंग मनासारखं आलं नाही तर दादा रात्री अकरा वाजता सगळी कॉइल पुन्हा उपसायचा, गिऱ्हाईक ओट्यावर बसलेलं असलं तरी. तो मेगर हाताने फिरवायचा आहे, अजून ऑफिसात आहे, अजून चालतो.

सांडपाण्यात आम्ही आलो ते 2006 नंतर. त्या वर्षीच्या पर्यावरण अधिसूचनेने 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना मंजुरी लागायला लागली, आणि मोठ्या टाउनशिपच्या तळघरात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, दिसू लागले. बिल्डर प्लांट बसवून निघून जायचा. चालवणार कोण? आम्हाला बोलावणं टँकमध्ये हवा सोडणाऱ्या ब्लोअरची मोटर जळाली म्हणून आलं, आणि आम्ही पूर्ण प्लांट सांभाळायलाच राहिलो. पुढची दहा-बारा वर्षं चांगली गेली. 14 प्लांट, 22 माणसं.

मग 25 मार्च 2020, लॉकडाउन. आमचे सहा प्लांट हॉटेलांत आणि हॉस्टेलांत होते. माणसंच नाहीत तर सांडपाणी कुठून येणार? ज्यांनी प्लांट चालवला आहे त्यांना सांगायला नको : हवा सोडलेला एअरेशन टँक म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंचा गोठा आहे, वैरण थांबली की जनावर जगत नाही. एका हॉटेलवर मी पास काढून पोचलो तेव्हा टँकचा चॉकलेटी रंग फिका पडला होता. टँकमधल्या पाण्याने लिटरचं मोजायचं सिलिंडर भरून ओट्यावर ठेवलं. एरवी अर्ध्या तासात जिवाणूंचा गाळ 300 मिलीच्या रेघेपर्यंत बसतो आणि वर पाणी नितळ होतं. त्या दिवशी 60 वर आला, आणि वरच्या पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढे कण तरंगत राहिले. अकरा वर्षं जपलेलं कल्चर होतं ते. आम्ही गूळ, युरिया आणि डीएपी घालून बीओडी (पाण्यातल्या सडणाऱ्या घाणीचं माप), नायट्रोजन, फॉस्फरसचं 100:5:1 प्रमाण राखायचा प्रयत्न केला. दोन प्लांट वाचले, चार गेले. बिलं तर सहाही थांबली. पगारासाठी दादाने लेथ विकला. तो कसा उचलून नेला ते बघायला दादा बाहेर आला नाही.

त्याच दिवसांत आमच्याकडे आठ वर्षं मार्केटिंग केलेल्या माणसाने स्वतःची फर्म काढली. आमची गिऱ्हाइकं, आमचे रेट, सगळं त्याला तोंडपाठ. जिथे आम्ही महिना 42 हजार घेत होतो तिथे त्याने 18 हजारांचं कोटेशन दिलं. 18 हजारांत काय होतं ते धंद्यातला कोणीही सांगेल : एका ऑपरेटरकडे चार प्लांट, ब्लोअर दिवसाला सहा तास, आणि लॉगबुकात महिनाभराचं रीडिंग एकाच पेनाने एकाच बैठकीत. तीन सोसायट्या गेल्या. जाताना त्याने आमचे दोन ऑपरेटरही दोन-दोन हजार जास्त देऊन नेले. रेट तोडल्याचं मी विसरलो असतो. पण त्यातल्या एका मुलाला त्याने विषारी गॅस मोजायचा मीटर न देता सांडपाणी साठणाऱ्या कलेक्शन टँकमध्ये उतरवलं. मुलगा चक्कर येऊन शिडीवर लटकला, वरच्या वॉचमनने दोरीने ओढला म्हणून वाचला. हे मी विसरणार नाही. हाताने मैला सफाईविरुद्धचा 2013 चा कायदा अशा जोखमीच्या सफाईला सरळ बंदी घालतो, आणि कायदा नसता तरी कोणाच्या पोराला असं उतरवायचं नसतं.

त्या वर्षात आम्ही टिकलो ते एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंमुळे. बँकेतून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी प्लांटवर यायच्या, काचेच्या बाटलीत शुद्ध केलेलं पाणी घेऊन उजेडात धरायच्या आणि ऑपरेटरला विचारायच्या, "काल कुठे कमी पडलं?" आमचा ऑपरेटर त्यांच्या पॅनल रूममध्ये 41 दिवस राहिला, दोन्ही वेळचा डबा काकूंच्या घरून. त्यांच्या कमिटीतही कोणीतरी ते 18 हजारांचं कोटेशन आणलं. काकूंनी मला फोन केला. "तीन महिन्यांचे आगाऊ पाठवतेय. तुझी माणसं सोडू नकोस." त्या पैशांत मी सगळ्यांचे अर्धे पगार केले.

पुढे, सोडून गेलेल्या तीनपैकी दोन सोसायट्या परत आल्या, प्लांटमधून फ्लशला येणाऱ्या पाण्याला वास सुटल्यावर. टँकच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर पूर्ण बुजले होते, सगळे बदलावे लागले.

ऑगस्ट 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, जाहीर झालं. आम्हाला आनंदच झाला. पेपरात फोटोही पुष्कळ आले. प्लांटवर रात्रपाळी करणारा त्यातल्या एकाही फोटोत नव्हता, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

आता या कामात यायचं म्हणणाऱ्या मुलांशी थोडं बोलतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा फिटर असाल, बीएस्सी केमिस्ट्री असाल, तर काम भरपूर आहे. पण पहिली दोन वर्षं टँकजवळ काढा. सिलिंडर धरा, गाळाचा वास ओळखा. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो. तारेतला करंट मोजायचा टंग टेस्टर स्वतःचा घ्या, मागून आणलेल्यावर हात बसत नाही. आणि सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणजे गॅस गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली दिसला तर आत जायचं नाही, मालक कितीही ओरडला तरी.

आज आमच्याकडे 19 प्लांट आहेत. लॅब एक मुलगी सांभाळते, सिलिंडरच्या नोंदी तिच्याच अक्षरात असतात. शिडीवरून वाचलेला तो मुलगा 2022 मध्ये परत आला. नव्या पोरांना तोच शिकवतो. झाकण उघडलं की आधी दोरीला बांधलेला मीटर खाली सोडतो, वर काढून आकडा प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावतो, आणि शेवटचा वाचून होईपर्यंत कोणालाही काठावर येऊ देत नाही.