बाहेरचा बाण

नववीचा तास, विषय गतीचे नियम. चंद्राची आकृती मी फळ्यावर नेहमीसारखीच काढली. मधे पृथ्वी, भोवती वर्तुळ, वर्तुळावर चंद्र. चंद्राकडून पृथ्वीकडे एक बाण, गुरुत्वाकर्षणाचा. तेवढाच लांब दुसरा बाण बाहेरच्या बाजूला, अपकेंद्री बलाचा. "दोन्ही बलं एकमेकांना तोलून धरतात, म्हणून चंद्र खाली पडत नाही." हे वाक्य मी अकरा वर्षं सांगत आले होते. मलाही शाळेत असंच शिकवलं होतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती तासाला तोंड उघडत नाही. आदल्या दिवशी मीच लिहून दिलेला पहिला नियम तिने वहीतून वाचून दाखवला: असंतुलित बल नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि हलती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. मग म्हणाली, "मॅडम, दोन्ही बलं सारखी असतील तर चंद्राने सरळ निघून जायला हवं ना? तो वळतो कसा?"

मी फळ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं, माझी आकृती चुकली होती. तसं वर्गाला सांगितलं आणि म्हटलं, "आता करूनच बघू."

खोडरबराला दोरा घट्ट बांधला आणि डोक्यावर गरगर फिरवायला लागले. रबर खिडकीसमोर आला की दोरा सोडणार, तो कुठे जाईल ते आधी सांगा. बहुतेकांनी खिडकीकडे बोट केलं, म्हणजे माझ्यापासून सरळ बाहेर. सोडला. रबर खिडकीकडे गेलाच नाही. त्या क्षणी तो ज्या दिशेने धावत होता त्याच दिशेने, वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून गेला आणि फळ्यावर आपटला. तीनदा केलं, तीनदा तेच.

"पण हाताला बाहेर ओढ लागत असेल ना?" एका मुलाने विचारलं. दोरा त्याच्याच हातात दिला. थोड्या वेळाने त्याने तर्जनी दाखवली, दोरा काचून लाल वळ उठला होता. माझ्या मते सगळा घोळ त्या वळापाशी होतो. ती ओढ खरी आहे, पण बोटावरची आहे, रबरावरची नाही. बोट रबराला आत ओढतं, रबर बोटाला तितक्याच जोराने बाहेर ओढतो. हा तिसरा नियम. दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असली की एकमेकांना रद्द करत नाहीत. चंद्रही पृथ्वीला असाच ओढतो. म्हणून दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो पृथ्वीच्या केंद्रावर नसतो, तिथून सुमारे ४,७०० किलोमीटर दूर, पण पृथ्वीच्या पोटातच असतो. (चंद्राबरोबर फिरत फिरत हिशेब मांडला, तर अपकेंद्री बल धरावं लागतं. पण मग तिथे चंद्र स्थिर दिसतो, वळतच नाही.)

"म्हणजे चंद्र पडतोय?"

पडतोय. किती, ते काढायला बसलो. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्या साधारण ६० पट दूर. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, तेव्हा ३,६०० पट कमी. भागाकार आला १.३६ मिलिमीटर. मुलांनी पट्ट्या काढल्या आणि एक ते दोनच्या रेघांमधली ती जागा नखाने दाबून धरली. दर सेकंदाला एवढंच.

आता उलट बाजूने ताळा. चंद्राची एक फेरी २७.३ दिवसांची, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १.०२ किलोमीटर. तेवढं तो सरळ गेला असता, तर वर्तुळापासून किती दूर सरकला असता? इथे पायथागोरस पुरतो. उत्तर पुन्हा १.३६ च्या घरातच. इतका तो सेकंदाला पडतो, आणि तेवढ्यात पुढेही इतका सरकतो, की पृथ्वी कधी गाठलीच जात नाही.

तास संपत आला होता. ती मुलगी वहीत अजून काही मांडत होती. पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. मिनिटाचे ६० सेकंद, म्हणून ३,६०० पट. "मॅडम, खडू एका सेकंदात जेवढा पडतो, तेवढाच चंद्र एका मिनिटात पडतो!"

१६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने हीच तुलना मांडली आहे. तिला ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, खाली बसली आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मी फळ्यावरचा बाहेरचा बाण पुसला, टाचणवहीतलाही खोडला. मधल्या सुट्टीत दहावीच्या वर्गशिक्षकांकडून त्यांचा एक तास मागून घेतला. गेल्या वर्षी त्या मुलांना तो बाण मीच काढून दिला होता. दोरा आणि रबर बरोबर नेला.