बेन्सनला न उतरलेले विमान

युद्धातील हवाई लढतींच्या दाव्यांची पडताळणी करण्याचे काम मी करतो. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक उंचीवर शत्रूचे विमान पाडले, असे वैमानिकाने परत आल्यावर लिहून दिले की तो दावा होतो. त्या दाव्यासमोर शत्रूपक्षाच्या नुकसानीच्या नोंदी ठेवून दोन्हींची सांगड बसते का हे पाहणे, ही पडताळणी. बहुतेक दिवस हे काम संथपणे चालते. एका टेहळणी विमानाच्या प्रकरणाने मात्र माझी काम करण्याची पद्धतच बदलली.

नोंद एका ओळीची होती. जुलै १९४४, दक्षिण जर्मनी. लेफ्टनंट आल्फ्रेड श्रायबर, लेखफेल्ड येथील मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट लढाऊ विमानाची चाचणी तुकडी. पाडलेले विमान टेहळणीवर निघालेले ब्रिटिश मॉस्किटो. जेट विमानाने हवाई लढतीत मिळवलेला जगातील पहिला विजय म्हणून ही ओळ ठिकठिकाणी छापली गेली आहे. आमच्या सूचीत ती कायम करावी की नाही, एवढेच मला ठरवायचे होते आणि इतक्या प्रसिद्ध नोंदीला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागणार नाही, असे मी धरून चाललो होतो.

खरे तर टेहळणी विमानांवरचे दावे सर्वांत फसवे असतात, हे मला तेव्हाही ठाऊक होते. बॉम्बफेकी विमानांच्या ताफ्यातले एखादे विमान कोसळते तेव्हा शेजारच्या विमानांतली माणसे ते पाहतात, वेळ टिपतात, हवाई छत्र्या मोजतात. छायाचित्रणासाठी निघालेले मॉस्किटो एकटे असते. त्याच्यावर एकही बंदूक नसते, कारण वाचवलेले सगळे वजन इंधनाला आणि कॅमेऱ्यांना दिलेले असते, आणि शत्रूच्या हद्दीत ते रेडिओवर मौन पाळते. ते परतले नाही, तर तळावरच्या नोंदवहीत निघाल्याची वेळ आणि ‘परत आले नाही’ हे तीन शब्द, एवढेच मागे उरते. हल्लेखोराच्या बाजूनेही भ्रमाला भरपूर वाव असतो. टेहळणी विमानाचा बचाव म्हणजे पळ काढणे: इंजिनाची शक्ती वाढवणारे थ्रॉटल पूर्ण उघडायचे, नाक खाली घालून सूर मारायचा आणि ढग गाठायचा. थ्रॉटल एकदम उघडल्यावर इंजिनातून जो काळा धूर निघतो तो मागून आगीसारखा दिसतो, खोल सूर ताबा सुटल्यासारखा दिसतो, आणि ढगात शिरलेले विमान पुन्हा नजरेस पडले नाही की ते पडलेच, असे मन ठरवून टाकते. असा वैमानिक खोटे बोलत नसतो. त्याने पाहिलेले खरे असते. लावलेला अर्थ चुकतो.

सकाळी मी वेळांपासून सुरुवात केली. १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे दुहेरी उन्हाळी वेळेमुळे ग्रिनिचच्या दोन तास पुढे होती आणि जर्मनीचीही तितकीच पुढे होती, त्यामुळे जुलैतल्या घटनेसाठी दोन्ही देशांच्या स्थानिक वेळा थेट ताडून पाहता येतात. कागदावरची वेळ स्थानिक आहे की ग्रिनिचची, एवढे मात्र प्रत्येक पानावर तपासावे लागते. अडचण तारखेची निघाली. दाव्याखाली सहसा २६ जुलै ही तारीख दिली जाते, तर ब्रिटिश बाजूला जेट विमानाशी झालेली गाठ २५ जुलैची आहे. याद्यांमध्ये एका दिवसाची चूक नवी नाही, म्हणून दोन्ही तारखा मी शेजारी शेजारी ठेवल्या आणि विमानाकडे वळलो.

ते ब्रिटिश हवाई दलाच्या ५४४ व्या स्क्वाड्रनचे मॉस्किटो पीआर १६, म्हणजे मॉस्किटोचा छायाचित्रण टेहळणीसाठीचा प्रकार होते, क्रमांक एमएम २७३. वैमानिक वॉल आणि नॅव्हिगेटर लोबन हे ऑक्सफर्डशायरमधील बेन्सनच्या तळावरून म्युनिकच्या दिशेने गेले होते. त्या दिवशी ते विमान बेन्सनला उतरले नाही. दावा होता, जागा जुळत होती, विमान तळावर परतले नव्हते. मी पेन्सिलीने ‘नुकसान जुळते’ असे लिहून कागद बाजूला ठेवला. आज त्या दोन शब्दांची मला लाज वाटते.

दुपारी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो कागद पाहिला. ते म्हणाले, “विमान बेन्सनला आले नाही, हे तुम्ही शोधलेत. पण ते गेले कुठे?” मी म्हणालो, “सर, ते परतलेच नाही, म्हणजे...” त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. “परतले नाही की तिथे उतरले नाही? आणि ती दोन माणसे मृतांच्या यादीत सापडली का?”

नव्हती सापडली. मी ती यादी पाहिलीच नव्हती. आता पाहिली, तर दोघांपैकी कोणाचेही नाव त्या दिवसाखाली नव्हते. उलट दोघांनी स्वतः सांगितलेला वृत्तांत होता, आणि त्यात विमान कुठे उतरले तेही होते: इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्याजवळील फेर्मो, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातला तळ.

तो वृत्तांत मी त्या दुपारी पुन्हा पुन्हा वाचला. उंची सुमारे ३० हजार फूट. लोबनला मागे एक विमान दिसले आणि वॉलने वेग वाढवला. एरवी मॉस्किटोला इतके पुरेसे असे. पण मागचे विमान ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगवान होते आणि पाहता पाहता जवळ आले. मग वॉलकडे एकच उपाय उरला, तो म्हणजे घट्ट वळण. जेट विमानाला तितक्या लहान वर्तुळात वळता येत नसे. प्रत्येक वेळी ते पुढे निघून जाई आणि लांबचा फेरा घेऊन पुन्हा मागे येई. या झटापटीत दोघांना विमानाच्या पोटाखाली धप्प असे आवाज ऐकू आले. शेवटी ढग मिळाला. लोबनने पोटाकडच्या प्रवेशदाराची आतली झडप उघडून पाहिली, तेव्हा बाहेरचे दार जागेवर नव्हते; जोरकस वळणांच्या ताणाने ते निखळून गेले होते.

त्या दाराच्या वाक्यापाशी मी थांबलो. मेसरश्मिट २६२ वर ३० मिलिमीटरच्या चार तोफा असत. त्यांचा एखादा गोळा लाकडी मॉस्किटोवर नीट बसला असता, तर ते विमान आल्प्स ओलांडून इटलीपर्यंत गेले असते असे मला वाटत नाही. पण मागून येणाऱ्या श्रायबरला काय दिसले असेल? लक्ष्यापासून एक तुकडा सुटून मागे येतो आणि पुढच्या काही क्षणांत ते विमान ढगात नाहीसे होते. हा माझा तर्क आहे आणि सूचीतही तो तर्काच्या रकान्यातच आहे. त्याची बाजू आता कोणाला विचारता येणार नाही, कारण त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला लेखफेल्ड येथे विमान उतरवताना झालेल्या अपघातात श्रायबरचा मृत्यू झाला.

विमानाला खरोखर गोळे लागले तरी ते पडले, असे होत नाही, याचेही उदाहरण त्याच उन्हाळ्यातले आहे. १५ ऑगस्ट १९४४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ६० व्या स्क्वाड्रनचे पिएनार आणि लॉकहार्ट-रॉस यांच्या मॉस्किटोचे एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची फळी, मेसरश्मिट २६२ ने उडवले, आणि तरीही त्या दोघांनी विमान इटलीतील सान सेव्हेरोला आणून पोटावर उतरवले.

मला अधिक अस्वस्थ केले ते ८ ऑगस्टच्या नोंदीने. त्या दिवशी बव्हेरियातील ओलश्टाटजवळ ५४० व्या स्क्वाड्रनचे टेहळणी मॉस्किटो पडले, दावा मेसरश्मिट २६२ उडवणाऱ्या लेफ्टनंट योआखिम वेबर याचा होता, आणि विमानातले मॅथ्यूमन व स्टॉपफर्ड हे दोघेही मारले गेले. येथे दावा आहे, न परतलेले विमान आहे आणि दोन मृत्यू आहेत. पहिला जेट विजय कुठे धरायचा असेल, तर तो येथे धरावा असे माझे ठाम मत आहे. जुलैच्या त्या ओळीमुळे तक्त्यांमध्ये जिवंत परतलेली दोन माणसे ‘पाडली गेली’ आणि प्रत्यक्ष मेलेली दोन माणसे दुसऱ्या क्रमांकावर ढकलली गेली. पडताळणीतली चूक आकड्यांपुरती राहत नाही, ती अशी माणसांवर जाऊन पडते, आणि माझ्या हातून ती आणखी एकदा पक्की होण्याच्या बेतात होती.

तेव्हापासून ‘परत आले नाही’ या शब्दांवर मी कोणतेही प्रकरण मिटवत नाही. विमान शेवटी कुठे टेकले, हे सापडेपर्यंत शोधतो. त्या संध्याकाळी पेन्सिलीचे शब्द खोडून मी लिहिले: ‘दावा प्रामाणिक, नुकसान नाही, विमान व दोन्ही कर्मचारी फेर्मो येथे सुखरूप उतरले.’ मग ८ ऑगस्टचा कोरा तक्ता पुढे ओढला आणि दाव्याचा रकाना भरण्याआधी मॅथ्यूमन आणि स्टॉपफर्ड ही नावे लिहिली.