तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएतनामवाल्यांच्या हॉलवर मी काय करते

मंडळाच्या गणपतीत विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, परवा तर एका बारशात पाळण्याची दोरी हातात असताना विचारलं. "काकू, तुम्ही म्हणे त्या व्हिएतनाम युद्धातल्या म्हाताऱ्यांच्या मीटिंगला जाता? आपला काय संबंध?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "ते युद्ध तर चुकीचंच होतं ना?"

आजवर मी "वेळ जातो हो" म्हणून लाडवांचं ताट पुढे केलं आहे. ते खोटं आहे. वेळ घालवायला माझ्याकडे दोन नातवंडं, एक दुखरा गुडघा आणि अर्धवट विणलेला स्वेटर आहे. तेव्हा एकदाच नीट सांगते.

आमचं गाव ओहायोत, डेटनपासून अर्ध्या तासावर. 'व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका' या देशभरच्या संघटनेची एक शाखा इथे आहे. शाखा म्हणजे भाड्याचा हॉल, एक लोखंडी कपाट, कॉफीचं मोठं भांडं आणि आता उरलेली अकरा माणसं. सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. सगळे गोरेही नाहीत, तिघे काळे आहेत. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सातची मीटिंग, म्हणजे पावणेसातला सगळे येऊन बसलेले. मी त्यांची 'असोसिएट'. मला मत नाही. कपाटाची किल्ली मात्र माझ्याकडे असते.

त्या कपाटात फायली आहेत, आणि मी त्या लावते. एवढंच माझं काम.

आता संबंध. मी सातारा जिल्ह्यातली. अपशिंगे हे गाव तुम्हाला ठाऊक असेल, त्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. त्याच पट्ट्यातलं आमचं गाव, घरटी एक माणूस पलटणीत. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांत गेले. आईची फॅमिली पेन्शन अडली. कारण काय, तर पलटणीच्या कागदात तिचं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं जे नाव लिहिलं, ते पलटणीला कळवायचं राहून गेलं होतं. त्यापायी चार वर्षं आई एसटीनं खेपा घालत होती, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. खिडकीपलीकडच्या माणसाला सांगायची, "दोन्ही मीच आहे हो." मी तेव्हा कॉलेजात होते. मला तिची लाज वाटायची, हे इथे लिहून टाकते.

पुढे मी इथे एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात नोकरी केली. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एक उंच म्हातारा खिडकीशी आला. हातात बुटाच्या नाडीनं बांधलेली फाइल. त्याची ती तिसरी खेप होती. त्याला वीस वर्षांपूर्वीचा कुठलासा कागद हवा होता, आणि नेमका कोणता ते त्याला सांगता येत नव्हतं. मी ती नाडी सोडली. तिथून हॉलवर पोचायला मला फार दिवस लागले नाहीत.

कागद कसले, तेही सांगते, कारण इथेच सगळं गुंतलेलं आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सुमारे २ कोटी गॅलन तणनाशकं फवारली. शत्रूला लपायला झाडोरा राहू नये म्हणून. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं ते एजंट ऑरेंज. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून ते नाव. त्यात डायॉक्सिन नावाचं विष होतं. तुम्ही भारतातून आलेल्या पाहुण्यांना डेटनच्या एअर फोर्स म्युझियममध्ये नेता ना? तिथे 'पॅचेस' नावाचं एक बुटकं, जाडजूड विमान उभं आहे. जवळजवळ सहाशे गोळ्या खाल्लेलं, म्हणून ठिगळांचं नाव. ते फवारणीचंच विमान. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले असतील. मीही काढला होता, तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

लढाई संपली आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी आजार वर येऊ लागले. १९९१ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली: अमुक आजार असेल आणि माणूस व्हिएतनामात होता हे कागदावर असेल, तर तो आजार तिथलाच असं गृहीत धरायचं. रसायनानंच झाला हे सिद्ध करत बसायचं नाही, आणि सरकारनं त्याची भरपाई द्यायची. पण यादीत आजार आले ते एकेक करून. टाइप टू मधुमेह २००१ मध्ये. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आणि पार्किन्सन्स २०१० मध्ये. मूत्राशयाचा कर्करोग २०२१ मध्ये. रक्तदाब २०२२ मध्ये, म्हणजे शेवटची पलटण परतली त्याला जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर. समुद्रात जहाजावर होते त्यांना तर बरीच वर्षं म्हणायचे, तुमचा पाय जमिनीला लागला नाही. त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला २०१९ उजाडलं.

याचा अर्थ असा की ज्याचा अर्ज २००५ साली नाकारला, त्यानं आता पुन्हा करायला हवा. आणि ते तो करत नाही. एकदा नाही म्हणाले ना, मग झालं. मधुमेह तर आपल्या घराघरात आहे, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी पैसे देतं हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. हॉलवरची मुख्य खटपट ही: न आलेल्यांना शोधायचं. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या मागच्या बाकावर, डायलिसिसच्या रांगेत. टोपीवर पलटणीचा बिल्ला दिसला की आमचा खजिनदार सरळ जाऊन "वेलकम होम" म्हणतो. एवढ्या वर्षांनी का, तर तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं.

पुढचा संवाद ठरलेला. "मला नको. माझ्यापेक्षा गरजू आहेत, त्यांना द्या." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! एकाचे दोन्ही पाय मधुमेहानं बधिर, तरी म्हणतो माझं बरं चाललंय. त्यांच्या बायकांशी बोलावं लागतं. बायका फाइल आणून देतात, नवरा गॅरेजमध्ये असताना.

अर्ज मी भरत नाही, तो अधिकार मला नाही. त्यासाठी सरकारमान्य सर्व्हिस ऑफिसर लागतो. ओहायोच्या ८८ च्या ८८ काउंट्यांमध्ये सैनिकांसाठी कचेरी आहे आणि तिथे हे काम फुकट होतं. मी फक्त तिथवर पोचण्याआधीचा ढिगारा उपसते. डिस्चार्जचा कागद, ज्याला सगळे 'डीडी दोनशे चौदा' म्हणतात, तो शोधते. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावते. अलीकडे एक नवी पीडा आली आहे: फोन करून "तुमचा क्लेम आम्ही करून देतो" म्हणणारे आणि वाढीव पैशांतून हजारो डॉलर कापून घेणारे. क्लेम शार्क म्हणतात त्यांना. आमच्या अकरातला एक त्यांच्या जाळ्यात सापडला. हॉलवर त्यानं ते सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. डॉक उठला आणि त्याच्या पेल्यात कॉफी ओतून आला. (डॉक म्हणजे डॉक्टर नव्हे. रणांगणावर मलमपट्टी करणाऱ्याला तिकडे डॉक म्हणतात, आणि ते नाव जन्मभर चिकटतं.)

पण हॉलची खरी काळजी बायकांची आहे. या दोन वर्षांत माझा सगळ्यात जास्त वेळ मृत्यूच्या दाखल्यांवर गेला. माणूस घरीच दगावतो, डॉक्टर दाखल्यावर 'हृदय बंद पडल्याने' लिहून मोकळे होतात. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं! ते कशानं, हे लिहिलेलं नसलं तर विधवेचा अर्ज लटकतो. लिहिलेलं असलं, आणि तो आजार सैन्यातल्या नोकरीशी जोडलेला ठरला, तर तिला महिना सोळाशे डॉलरच्या वर मिळतात, हयातभर. मृत्यूनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर मागच्या महिन्यांचेही. म्हणून आम्ही आता जिवंतपणीच सांगतो: डॉक्टरांशी बोलून ठेवा, आणि फाइल कुठे आहे ते बायकोला दाखवून ठेवा. हे बोलणं फार अवघड जातं. मी तांदळातल्या नावाची गोष्ट सांगते. ती त्यांना आवडते. एकानं विचारलं, "मग तुझ्या आईला पैसे मिळाले का?" मिळाले. चौथ्या वर्षी.

बाकीचं थोडक्यात. मे महिन्यात मेमोरियल डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन, त्याच्या आधी थडग्यांवर झेंडे लावतात. वाकवत नाही म्हणून आता स्काउटची पोरं खोचतात आणि हे मागून सरळ करतात. अंत्यविधीला मानवंदना देतात. बिगुल वाजवणारा राहिलेला नाही, त्यामुळे बिगुलाच्या तोंडात एक छोटं यंत्र बसवतात, कळ दाबली की सूर येतो. धरणारा तरी गाल फुगवतोच. वर्षाच्या जेवणाला एक लहान टेबल रिकामं मांडतात, बेपत्ता सैनिकांसाठी. पांढरं कापड, एक गुलाब, लिंबाची चकती, चिमूटभर मीठ, पालथा पेला. अजून दीड हजारांहून अधिक अमेरिकन सापडलेले नाहीत. पहिल्या वर्षी ते टेबल पाहून मी चटकन म्हटलं, आमच्याकडे पान वाढून बाहेर ठेवतात. कावळ्याचं समजावून सांगताना माझी पुरती दमछाक झाली.

एकदा त्यांच्याबरोबर बसनं वॉशिंग्टनला गेले, व्हिएतनाम युद्धात गेलेल्यांच्या नावांची भिंत बघायला. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. त्यावर ५८ हजारांहून जास्त नावं. आराखडा माया लिनचा, ती तेव्हा २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. १९८२ मध्ये भिंत उभी राहिली. तो दगड बंगळूरकडून आणलेला आहे हे मी बसमध्ये सांगितलं, तर कुणालाच ठाऊक नव्हतं. "म्हणजे तुमच्याकडचा?" म्हणाले. साताऱ्यापासून बंगळूर किती लांब हे सांगत बसले नाही. हो म्हटलं.

नावं आडनावांच्या क्रमानं लावलेली नाहीत, मरणाच्या तारखेनं आहेत. मधून सुरू होतात, उजव्या टोकाला जातात आणि डाव्या टोकापासून पुन्हा मध्याकडे येऊन संपतात. नावाशेजारी शंकरपाळ्यासारखी खूण असली तर मृत्यूची खात्री, अधिकाची खूण असली तर बेपत्ता. डॉक एका पाटीसमोर थांबला आणि बोट फिरवत गेला. एका ओळीतली पाच नावं त्याची. एकाच दुपारची. रेकॉर्ड खात्यात जन्म गेल्यामुळे मला तारखेप्रमाणे लावणं हे बिनचेहऱ्याचं काम वाटायचं. आडनावाप्रमाणे लावली असती तर ती पाच माणसं पाच ठिकाणी गेली असती. परत आल्यावर मी कपाटातल्या फायलींना पूर्वीसारखा हात लावू शकले नाही.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. युद्ध चुकीचं होतं का? "आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम" ही कलकत्त्याची युद्धविरोधी घोषणा मी लहानपणी थोरल्या भावाच्या तोंडून ऐकली आहे. माझं मत तेव्हा जे झालं ते आजही आहे. पण हॉलवर हा प्रश्न मी काढत नाही, कारण तो तिथे पन्नास वर्षं चालूच आहे. अकरा जणांत चार तरी उघड म्हणतात की आम्हाला फसवलं. दोघे म्हणतात, लढू दिलं असतं तर जिंकलो असतो. उरलेले कॉफी पितात. ज्यानं १९७८ मध्ये ही संघटना सुरू केली तो बॉबी म्युलर मरीन लेफ्टनंट होता, १९६९ मध्ये गोळी लागून छातीखाली लुळा पडला, आणि १९८१ मध्ये माजी सैनिकांना घेऊन हनोईला, कालच्या शत्रूच्या राजधानीत, जाऊन आला. त्यावरून शिव्या देणारेही आमच्यात आहेत. एकाचं पलटणीत जाणं तर चिठ्ठीवर ठरलं: १ डिसेंबर १९६९ ला काचेच्या भांड्यातून निळ्या कुप्या काढल्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. जी तारीख आधी निघेल, तिच्यावर जन्मलेल्यांना सक्तीच्या भरतीचं बोलावणं आधी. पहिली निघाली १४ सप्टेंबर. ती त्याची नव्हती, पण फार मागेही नव्हती. तो अजून वाढदिवसाचा केक कापू देत नाही.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. गावात एक व्हिएतनामी हॉटेलवाले आहेत, दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात, म्हणजे अमेरिकेच्याच बाजूनं होते, ७५ नंतर सगळं टाकून आले. मेमोरियल डेला जुना गणवेश घालून येतात. त्यांनाही मधुमेह आहे, पार्किन्सन्सही. ते ज्या हवेत होते तीच ही अकरा माणसं श्वासात घेत होती. पण त्यांना एक डॉलर मिळत नाही. ते अमेरिकेचे सैनिक नव्हते. आणि व्हिएतनामात राहिलेल्यांचं तर काय सांगावं? दा नांग विमानतळाची दूषित माती साफ करायलाच २०१२ ते २०१८ लागली. या हॉटेलवाल्यांची फाइल माझ्या कपाटात ठेवायला खण नाही. मी मीटिंगमध्ये हे एकदा बोलले. डॉक म्हणाला, "यू आर राइट, मॅम." त्यापुढे काही नाही. तेव्हापासून डॉक दर गुरुवारी त्यांच्या हॉटेलात फो, म्हणजे त्यांच्याकडचं शेवयांचं सूप, खायला जातो आणि ते पैसे घेत नाहीत, म्हणून दोघांची भांडणं होतात.

एक गोष्ट राहिली. या संघटनेत नवा सभासद यायचा तर त्या युद्धाच्या ठरावीक वर्षांत त्यानं सैन्यात नोकरी केलेली असावी लागते. म्हणजे नवे सैनिक येणं शक्यच नाही. इतर मंडळं तरुण मिळत नाहीत म्हणून रडतात. यांनी तरुण घ्यायचेच नाहीत असं ठरलेलं आहे. आमच्या शाखेच्या कोरमला सात जण लागतात. गेल्या महिन्यात बर्फ पडलं आणि सहाच आले. सातवा दवाखान्यात होता. त्याच्या बायकोनं फोन त्याच्या कानाशी धरला आणि मीटिंग सुरू झाली. विषय एकच, हॉलबाहेरचा काळा बेपत्तांचा झेंडा वाऱ्यानं फाटलाय, नवा आणायचा का. साधा आणावा की जाड कापडाचा महागडा, यावर वीस मिनिटं गेली. खजिनदार म्हणाला, जाड घेतला तर दहा वर्षं टिकेल. सगळे हसले, फोनमधून खोकल्यासारखं काहीतरी आलं, तेही बहुधा हसणंच. जाड कापडाचा मंजूर झाला, सात विरुद्ध शून्य. खोकं माझ्या गॅरेजमध्ये आलंय. शिडीवर कोण चढणार ते अजून ठरायचंय.