ई५ वरचं प्यादं

रविवारी टिळक रोडजवळच्या हॉलमध्ये बुद्धिबळ स्पर्धेची पाचवी फेरी. समोर सदाशिव पेठेतले एक काका, सत्तरीचे, रेटिंग माझ्यापेक्षा दीडशेनं जास्त. ९० मिनिटं, वर प्रत्येक चालीला ३० सेकंद. मी कारो-कान (काळ्या मोहऱ्यांनी खेळायची एक सुरुवात) लावला आणि त्यांनी तिसऱ्याच चालीला राजाचं प्यादं ई५ या घरात आणलं. ते तिथून ७४व्या चालीपर्यंत हललं नाही!

मधला खेळ माझा चांगला झाला नाही. ३१व्या चालीला प्यादं गेलं, मग मारामारी होत होत पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि तेवढं ई५ चं प्यादं उरलं. माझ्या घड्याळात दोन मिनिटंही नव्हती. काकांनी थर्मासमधून चहा ओतून घेतला.

२००० साली अभिजित कुंटे ग्रँडमास्टर झाले, त्याच वर्षी बाबांनी मला बुद्धिबळाच्या क्लासला घातलं. तिथले सर आम्हाला हीच स्थिती मांडायला लावायचे. हा फिलिडॉर या जुन्या फ्रेंच खेळाडूचा बचाव, १७७७ सालचा; एक प्यादं कमी असूनही बरोबरी राखायची रीत. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती सहाव्या रांगेवर, म्हणजे समोरच्या राजाला पुढं पाऊल टाकता येत नाही. मग नुसतं थांबायचं. हत्ती ए६, बी६, पुन्हा ए६. शह द्यायला हात शिवशिवतो, पण द्यायचा नाही.

काका हत्ती इकडून तिकडे नेऊन बघत होते. मी दर वेळी पाच-सहा सेकंद उरेपर्यंत विचार करायची, चाल करायची, घड्याळ दाबायचं, मग घामेजल्या हातानं स्कोअरशीट भरायची.

७४वी चाल: ई६. प्यादं पुढं सरकलं आणि त्यांच्या राजाचा आडोसाच गेला. माझा हत्ती तडक ए१ वर, पटाच्या पार दुसऱ्या टोकाला. आता मागून शहावर शह. राजा डी६, शह. ई५, शह. एफ६, शह. काकांनी मान वर केली, हात पुढे केला. बरोबरी.

घरी गेल्यावर सरांना फोन करायचा, हे मी तिथंच ठरवलं.

बाहेर अमृततुल्यच्या बाकावर काकांनी खिशातला छोटा पट उघडला. "मला वाटलं, घाईनं शह द्याल," म्हणाले. "पण ३१व्या चालीला घोडा का मारलात हो? थांबा, लावू या."

पुढच्या फेरीचं पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, लागेपर्यंत आम्ही तो घोडाच बघत होतो.